मायदेशी हद्दपार

२६ एप्रिल १९१९. मुंबईतल्या एका आजारी इंग्रज संपादकाच्या हाती पोलिसांनी हुकूम ठेवला आणि त्याच दिवशी त्याला विलायतेच्या बोटीवर चढवले. आरोपपत्र नाही, वकील नाही, न्यायाधीशही नाही. महायुद्धासाठी केलेला भारत संरक्षण कायदा युद्ध थांबून पाच महिने झाले तरी जिवंत होता आणि त्यातल्या नियमांच्या आधारे सरकारला एवढे करता येत होते. संपादकाचे नाव बेंजामिन गाय हॉर्निमन, पत्राचे नाव ‘बॉम्बे क्रॉनिकल’. शिक्षा अशी की, या इंग्रजाने इंग्लंडात जाऊन राहावे आणि हिंदुस्थानात परत पाऊल टाकू नये.

संपादकांवर सरकारचा वरवंटा फिरणे मराठी वाचकाला नवे नव्हते. १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या अग्रलेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले होते. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे त्याच वर्षी तुरुंगात गेले. सुटून आल्यावर १९१० मध्ये त्यांच्याकडे एवढा मोठा जामीन मागितला गेला की ‘काळ’ बंदच पडला. जामिनाची ही युक्ती त्या वर्षीच्या प्रेस अ‍ॅक्टने पक्की केली. छापखान्याच्या मालकाने आधी रक्कम भरायची. मजकूर सरकारच्या मनातून उतरला की रक्कम जप्त. पुन्हा छापायचे तर आणखी मोठी रक्कम. आणि त्यानंतरही चूक झाली तर छापखान्याचे यंत्रच जप्त. संपादकाला तुरुंगात टाकले तर तो हुतात्मा होतो, पण छापखानेवाल्याला कर्जात बुडवले तर पत्र मुकाट्याने मरते. सरकारला हे कळून चुकले होते.

हॉर्निमनच्या बाबतीत मात्र हे दोन्ही उपाय पुरेसे पडले नाहीत. ते का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

हॉर्निमनचा जन्म १८७३ चा, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातला. वडील आरमारात, पगार-हिशेबाच्या खात्यात वरच्या हुद्द्यावर. म्हणजे घराणे सरकारी चाकरीतले. मुलगा मात्र १८९४ मध्ये पोर्टस्मथच्या एका सांजपत्रात बातम्या लिहू लागला. पुढे लंडनच्या ‘डेली क्रॉनिकल’मध्ये आणि ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये त्याने काम केले आणि १९०६ मध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये तो दाखल झाला. बंगालची फाळणी होऊन फार दिवस झाले नव्हते. गोऱ्या वस्तीतल्या पत्रकाराने क्लबात बसावे आणि ‘नेटिव्हां’च्या चळवळीवर दोन तुच्छतेची वाक्ये लिहावीत, असा तेव्हाचा शिरस्ता. हा गडी मात्र धोतर नेसून, अंगावर चादर घेऊन, अनवाणी निषेधाच्या मिरवणुकीत चालला, असे सांगितले जाते. त्याच्या पुढच्या वागण्याशी ही आठवण जुळते एवढे खरे.

इकडे मुंबईत सर फेरोजशहा मेहतांना एका इंग्रजी दैनिकाची निकड भासत होती. महापालिका म्हणजे फेरोजशहा असे समीकरण वीसेक वर्षे चालले होते. १९०७ च्या निवडणुकीत त्यांना पाडण्यासाठी बड्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मोट बांधली. तिच्या पुढाऱ्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझरही होते. शहरातले सगळ्यात वजनदार इंग्रजी वर्तमानपत्र उघडउघड विरुद्ध बाजूच्या गोटात सामील असेल, तर आपली बाजू रोज सकाळी कुणी मांडायची? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ३ मार्च १९१३ रोजी निघालेले ‘बॉम्बे क्रॉनिकल’. संपादक म्हणून मेहतांनी कलकत्त्याहून हॉर्निमनला आणले. तो इंग्रज होता, कसलेला होता आणि सरकारी वर्तुळाचा मिंधा नव्हता. इंग्रजी भाषेत इंग्रज सरकारला झोडपायचे तर ते काम इंग्रजाच्या हातून जास्त चांगले होते, हा हिशेबही त्यामागे असणार.

१९१५ च्या नोव्हेंबरात मेहता वारले आणि पत्राचा सूर आणखी चढला. मेहता मवाळांचे सेनापती. हॉर्निमनचा ओढा जहालांकडे. त्याच वर्षी त्याने प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली आणि जामिनाच्या कायद्याविरुद्ध वर्तमानपत्रांच्या बाजूने दाद मागायला सुरुवात केली. अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूल लीगच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपद पुढे बॅरिस्टर जिनांकडे आले, तेव्हा हॉर्निमन तिचा उपाध्यक्ष होता. ‘क्रॉनिकल’च्या संचालक मंडळाचे अध्यक्षही जिनाच झाले. संपादक, संचालक आणि चळवळ ही तिन्ही एका माळेत ओवली गेली.

इथे आजचा वाचक अडखळेल. ज्या संघटनेचा संपादक उपाध्यक्ष आहे, तिच्याविषयी त्याच्या पत्रातली बातमी निखळ कशी मानायची? शंका रास्त आहे. पण त्या काळी ही रेघ कुणीच ओढत नव्हते. टिळक, बेझंट आणि पुढे गांधी हे पुढारीही होते आणि संपादकही. ‘टाइम्स’चा संपादक तर पोलीस कमिशनरच्या मांडीला मांडी लावून निवडणूक लढवत होता. फरक एवढाच की एका बाजूचा पक्ष ‘व्यवस्था’ म्हणून ओळखला जाई आणि दुसऱ्या बाजूचा ‘चिथावणी’ म्हणून.

चिथावणीचा पहिला मोठा प्रसंग टाउन हॉलात घडला. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी तिथे प्रांतिक युद्धपरिषद भरवली. टिळकांना निमंत्रण होते. सरकारला सैनिक हवे होते. टिळकांचे म्हणणे असे की स्वराज्याचा शब्द द्या, मग माणसे मागा. ते बोलायला उभे राहिले आणि गाडी राजकारणाकडे वळते आहे असे दिसताच विलिंग्डननी त्यांना मध्येच अडवले. टिळक सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागोमाग न. चिं. केळकर उठले आणि हॉर्निमनही उठला. गव्हर्नरसमोरून एक इंग्रज संपादक टिळकांच्या पाठोपाठ चालता झाला, हे दृश्य सरकारी मंडळी विसरणे शक्य नव्हते.

सहा महिन्यांनी त्याच टाउन हॉलात हिशेब चुकता झाला. विलिंग्डन मुंबई सोडून निघाले होते आणि शहराच्या वतीने त्यांचे स्मारक उभारावे म्हणून ११ डिसेंबरला जाहीर सभा बोलावली होती. सभा नागरिकांची, तर नागरिकच आधी जाऊन बसले. जिना आणि हॉर्निमन यांच्या माणसांनी आदल्या रात्रीपासून हॉलच्या पायऱ्यांवर ठाण मांडले. सकाळी दारे उघडताच पुढच्या रांगा भरून टाकल्या. संध्याकाळी निमंत्रित शेठसावकार आले तेव्हा बसायला जागा शोधण्याची पाळी त्यांच्यावर आली. कामकाज सुरू होताच असा गोंधळ उडाला की ठराव मांडणाऱ्याचे ओठ तेवढे हलताना दिसावेत. शेवटी पोलिसांनी सभागृह रिकामे केले. धक्काबुक्की झाली, त्यातून जिनाही सुटले नाहीत. स्मारक बारगळले आणि लोकांनी एकेक रुपयाच्या वर्गणीतून जिनांच्या नावाचा हॉल बांधला. ‘क्रॉनिकल’ने हे प्रकरण कसे रंगवले असेल हे सांगायला नको. टाउन हॉलासमोरच्या गोल बागेला तेव्हा एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर तिला या दोन्ही प्रसंगांतल्या संपादकाचे नाव मिळाले.

१९१९ उजाडले ते रौलट विधेयके घेऊन. युद्धकाळातले खास अधिकार शांततेतही चालू ठेवायचे, म्हणजे खटल्याशिवाय माणूस अडकवून ठेवायचा, असा त्यांचा मथितार्थ. २४ फेब्रुवारीला साबरमती आश्रमात गांधीजींनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार केली. वल्लभभाई पटेल, सरोजिनी नायडू, शंकरलाल बँकर, उमर सोबानी यांच्या सह्यांबरोबर तिच्याखाली एक इंग्रज सही होती, हॉर्निमनची. मुंबईत सत्याग्रह सभा स्थापन झाली. गांधी अध्यक्ष, हॉर्निमन उपाध्यक्ष.

६ एप्रिलचा हरताळ मुंबईत कडकडीत पाळला गेला. सकाळी चौपाटीवर समुद्रस्नान, मग मिरवणूक, संध्याकाळी कायदेभंग. कायदेभंगाची रीत मोठी नामी होती. सरकारने जप्त केलेली ‘हिंद स्वराज्य’ आणि ‘सर्वोदय’ ही पुस्तके पुन्हा छापून रस्त्यात उघड विकायची. किंमत चार आणे, पण चार आण्यांवर थांबणारे गिऱ्हाईक विरळाच. एकाने तर गांधीजींकडून प्रत घेताना पन्नास रुपयांची नोट पुढे केली. दुसऱ्या दिवशी ‘सत्याग्रही’ नावाचे एक पानी पत्रक निघाले. संपादक गांधी, किंमत एक पैसा. वर्तमानपत्र काढायचे तर ते सरकारदरबारी नोंदवावे लागे. हे मुद्दाम न नोंदवता काढले होते. प्रेस अ‍ॅक्टशी चार वर्षे कागदोपत्री झुंजणाऱ्या हॉर्निमनच्या सहकाऱ्यांनी आता वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा कायदा भर रस्त्यात, एका पैशात मोडून दाखवला.

आणि मग पंजाब पेटला. दिल्लीत ३० मार्चलाच गोळीबार झाला होता. पंजाबकडे निघालेल्या गांधीजींना पलवलला उतरवून मुंबईला परत पाठवले. १० एप्रिलला अमृतसरमधून तिथले पुढारी डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू यांना उचलून नेले, गोळीबार झाला, दंगल झाली, काही युरोपियन मारले गेले. १३ एप्रिलच्या बैसाखीला जालियनवाला बागेत जनरल डायरने जमावावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसे मेली. १५ तारखेला लाहोर आणि अमृतसरला लष्करी कायदा जारी झाला.

आज जालियनवाला म्हटले की सगळा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, पण एप्रिल १९१९ मध्ये मुंबईच्या वाचकाला त्यातले जवळजवळ काहीच माहीत नव्हते. पंजाबची नाकेबंदीच झाली होती. तारा सेन्सॉरच्या हातून जात. लाहोरच्या ‘ट्रिब्यून’चे संपादक कालीनाथ रॉय यांना लष्करी न्यायासनापुढे उभे करून दोन वर्षांची शिक्षा ठोठावली, ती पुढे कमी झाली. ‘क्रॉनिकल’साठी पंजाबातून लिहिणारे गोवर्धनदास यांनाही तुरुंग दाखवला गेला. दीनबंधू अँड्र्यूज चौकशीला गेले तर त्यांना अमृतसरमध्ये अटक करून प्रांताबाहेर काढले. आत काय झाले ते पाहणारा बाहेर येऊ नये आणि बाहेरचा आत जाऊ नये, असा हा दुहेरी बंदोबस्त.

तरीही बातमी पाझरत होती. पत्रांतून, पाहुण्यांच्या तोंडून, रेल्वेने आलेल्या माणसांच्या बोलण्यातून. ती छापण्याची हिंमत आणि ती इंग्रजीत, म्हणजे विलायतेच्या पार्लमेंटला कळेल अशा भाषेत, छापण्याची सोय एकत्र होती ती मुंबईतल्या ‘क्रॉनिकल’च्या कचेरीत. पंजाबचे सगळे दरवाजे बंद केल्यावर सरकारच्या लक्षात आले की मुंबईत एक खिडकी उघडी आहे.

हॉर्निमनवर रीतसर राजद्रोहाचा खटला भरणे शक्य होते. पण खटला म्हणजे उघडे न्यायालय, उलटतपासणी, साक्षीदार आणि रोजच्या रोज त्याचा वृत्तान्त. पंजाबात घडलेली जी गोष्ट दडपायची तीच साक्षीपुराव्यासकट चव्हाट्यावर आली असती. त्यापेक्षा बोट बरी. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने तोच मार्ग धरला. संपादकाबरोबर पत्रावरही घाव घातला. मजकूर छापण्याआधी सरकारला दाखवण्याची अट लादली गेली आणि ‘क्रॉनिकल’ला काही काळ प्रकाशनच थांबवावे लागले.

२२ मे रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटात या हद्दपारीचे समर्थन केले. ‘क्रॉनिकल’च्या प्रती मुंबईतल्या ब्रिटिश सैनिकांना फुकट वाटल्या जात होत्या आणि दिल्लीच्या जमावावर मऊ टोकाच्या गोळ्या वापरल्याचा खोटा मजकूर या पत्राने छापला, असे त्यांचे आरोप होते. गोळ्यांच्या बाबतीत सरकार खरे बोलत होते असे क्षणभर धरले, तरी त्यातून सरकारचीच अडचण उघडी पडते. अफवा खोटी पाडायची असेल तर बातमीदाराला जागेवर जाऊन पाहू द्यावे लागते. ज्या प्रांतात कोणालाच पाहू द्यायचे नाही, तिथल्या प्रत्येक अफवेला बळ मिळते आणि त्याचे खापर मग छापणाऱ्याच्या डोक्यावर फुटते.

सरकारला मुंबईत उद्रेकाची धास्ती होती. तो झाला नाही. आपल्याला अडवल्याच्या बातमीने अहमदाबादेत उसळलेल्या दंगलीने हादरलेल्या गांधीजींनी १८ एप्रिललाच सत्याग्रह तहकूब केला होता. हॉर्निमनच्या हद्दपारीनंतर त्यांनी पत्रकांमागून पत्रके काढून लोकांना बजावले की दगड उचलू नका, मोर्चे काढू नका. ११ मेच्या रविवारी उपास आणि प्रार्थना करून शांतपणे निषेध पाळायचे ठरले आणि मुंबईने तो तसाच पाळला.

पण सरकारच्या पदरात त्याहून मोठी गोष्ट पडली. संपादक गेल्यावर ‘क्रॉनिकल’च्या संचालकांनी पत्र चालवण्याची विनंती गांधीजींना केली. ती जबाबदारी त्यांना नकोशी होती, पण नाही म्हणवेना. तेवढ्यात पत्रच बंद ठेवावे लागले आणि त्यांची सुटका झाली, असे ते स्वतःच आत्मकथेत लिहितात. मात्र ज्या मंडळींच्या हाती ‘क्रॉनिकल’ होते, त्यांच्यापैकी उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर यांच्याच हाती ‘यंग इंडिया’ नावाचे एक लहानसे साप्ताहिकही होते. ‘क्रॉनिकल’ची पोकळी भरून काढायला ते आठवड्यातून दोनदा काढू आणि गांधीजींनी ते चालवावे, असे त्यांनी सुचवले. ७ मेपासून ते तसे निघू लागले. सप्टेंबरात गुजराती ‘नवजीवन’ साप्ताहिक झाले, ऑक्टोबरात ‘यंग इंडिया’ही अहमदाबादला गेले. पुढच्या दशकाचे राजकारण ज्या दोन पत्रांतून लिहिले गेले, ती मुंबई सरकारने एका संपादकाला बोटीवर चढवल्यामुळे गांधीजींच्या हाती आली. असहकार आला तोवर त्यांच्याकडे स्वतःचे, जाहिरातींवर न जगणारे छापील व्यासपीठ तयार होते.

दुसरी चूक भूगोलाची. हॉर्निमनला जिथे पाठवले तिथेच तर पंजाबची बातमी पोहोचू द्यायची नव्हती. त्या उन्हाळ्यात लंडन हिंदी राजकारण्यांनी गजबजलेले होते. माँटेग्यूच्या सुधारणांचे विधेयक पार्लमेंटपुढे होते; इंग्रज पत्रकार चिरोलवरचा अब्रुनुकसानीचा दावा हरलेले टिळक तिथेच तळ ठोकून संयुक्त समितीपुढे साक्ष देत होते. हॉर्निमन त्या गर्दीत सामील झाला. लष्करी कायद्याखाली काय घडले ते तो सभांतून आणि लेखांतून सांगू लागला. विलायतेतल्या बड्या पत्रांना मात्र डिसेंबरपर्यंत जाग आली नाही. पंजाबच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे डायरने स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली तिकडे छापून आली तेव्हा इंग्रज वाचक दचकला. मधले आठ महिने या विषयावर इंग्लंडात बोलत राहिलेल्या थोड्या लोकांत मुंबई सरकारने स्वखर्चाने पाठवलेला हा साक्षीदार होता. १९२० मध्ये अमृतसरवरचे त्याचे पुस्तक लंडनमध्येच प्रसिद्ध झाले.

परतीची वाट अवघड होती. पासपोर्ट मिळेना. कायदेमंडळात मागण्या झाल्या, सभांत ठराव झाले, सरकार ढिम्म. अखेर त्याने कायद्यातली फट शोधली. सिलोनहून हिंदुस्थानात यायला पासपोर्ट लागत नसे. १९२६ च्या जानेवारीत तो सिलोनमार्गे दक्षिणेत उतरला आणि कोणी अडवायच्या आत मुंबईच्या वाटेला लागला. सात वर्षांपूर्वी ज्याला तडकाफडकी दूर करणे राज्याच्या सुरक्षिततेसाठी अटळ होते, तो आता उघड हिंडत होता आणि राज्य कोसळले नाही.

पण मुंबई बदलली होती. जिना काँग्रेसपासून दूर गेले होते, टिळक हयात नव्हते, चळवळीची सूत्रे अहमदाबादकडे सरकली होती. ‘क्रॉनिकल’च्या संपादकपदी सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी रुळले होते. हॉर्निमनने काही काळ जुनी खुर्ची सांभाळली, मग ‘इंडियन नॅशनल हेरल्ड’ काढून पाहिला. १९३३ मध्ये ‘बॉम्बे सेंटिनल’ हे सांजपत्र त्याच्या हाती आले आणि बारा वर्षे तो त्यात रमला. राष्ट्रनेत्यांच्या पंक्तीत बसणारा संपादक साठीनंतर गुन्हेगारीच्या आणि शहरातल्या भानगडींच्या बातम्या शोधणाऱ्या पोरांचा उस्ताद झाला. दिनकर नाडकर्णी हे गुन्हेवार्तांचे नाणावलेले बातमीदार तिथलेच. १९४१ मध्ये रुसी करंजियांनी ‘ब्लिट्झ’ काढला तेव्हा नाडकर्णी आणि हॉर्निमन दोघेही त्यांच्या पाठीशी होते. मुंबईच्या बेडर, कधी कधी बेछूटही, टॅब्लॉइड पत्रकारितेची एक शाखा अशी थेट ‘क्रॉनिकल’च्या संपादकापाशी पोहोचते.

१९१० चा प्रेस अ‍ॅक्ट १९२२ मध्ये रद्द झाला, पण सविनय कायदेभंग सुरू होताच जामिनाची तीच कळ १९३१ च्या कायद्याने पुन्हा फिरवली गेली. म्हणजे हॉर्निमन ज्याच्याशी झगडला ते यंत्र त्याच्या हयातीत मोडले नाही. ऑक्टोबर १९४८ मध्ये तो मुंबईतच वारला. त्याच्या कारकिर्दीतून हाती येते ते एवढेच: १९१९ च्या वसंतात सरकारने पंजाबची तारायंत्रे, लाहोरचा संपादक, अमृतसरच्या वाटा आणि मुंबईचे एक दैनिक असे सगळे एका महिन्यात बंद करून पाहिले. त्याच महिन्यात त्याने गांधीजींना संपादक केले आणि लंडनला एक वक्ता पुरवला.